करुणाचे शुक्रवार

करुणा त्रिभुवन उपास धरते, हे गारखेड्यातल्या शिलाई कारखान्यात कळलं आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

कारखाना शाळेच्या गणवेशांचा. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बायका डबे घेऊन गोल बसायच्या. त्या शुक्रवारी करुणानं डबा उघडला नाही, तशी काजं-बटणं करणाऱ्या भागूबाईंनी विचारलं, "उपास का गं?"

"व्हय, मावशी."

"लक्ष्मीचे शुक्रवार धरले वाटतं?"

इथं करुणानं खरं सांगायला हवं होतं. ती ख्रिस्ती होती. गुड फ्रायडेच्या आधीचे उपासाचे दिवस चालू होते आणि शुक्रवारी ती संध्याकाळपर्यंत काही खात नसे. पण वैजापूरला आधी जिथं शिवायला जायची, तिथं हे कळल्यावर बायकांनी आपापले डबे हातभर लांब सरकवले होते. कोणी वाईट बोललं नव्हतं, फक्त डबे सरकले होते. ते तिच्या डोळ्यांसमोरून जात नव्हतं. शिवाय देवाचं नाव काढलं की लोकांना वाटतं, ही आपल्याला बाटवायला आली. म्हणून तिला तेवढ्यात ठसका लागला. ठसक्यात मान हलली आणि भागूबाईंना ती होकारार्थी दिसली.

पुढच्या शुक्रवारी भागूबाई साबुदाण्याच्या खिचडीचा डबा घेऊन आल्या. "पहाटं उठून केली बग. खा. उपाशी बाईनं मशीन चालवायची म्हंजी काय गंमत हाय?" करुणानं खिचडी खाल्ली. त्यानंतर दर शुक्रवारी खाल्ली. एका संध्याकाळी तिचा नवरा शमुवेल म्हणाला, "तुझा उपास लई मानवला गं तुला. गाल वर आले."

"तू गप बस," करुणा म्हणाली. रात्रीच्या प्रार्थनेत तिनं खिचडीबद्दल माफी मागितली. ठसक्याबद्दल मागायचं धैर्य झालं नाही.

मग कटिंगच्या टेबलावरची तनुजा मागं लागली. "ताई, मीबी धरते शुक्रवार. नेम सांगा ना."

करुणाला कुठले नेम माहीत? तिच्या तोंडून जे निघालं ते निघालं. "दिवसभर खोटं बोलायचं नाय."

हे म्हणताना तिचे कान तापले. तनुजानं मात्र नेम मनावर घेतला. त्याच शुक्रवारी ती सुपरवायझर शिवराजसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सर, त्या बाह्या कापडामुळं आखूड नाही झाल्या. मीच चुकीच्या कापल्या." हे कुठून सुचलं, असं शिवराजनं विचारलं, तेव्हा तिनं करुणाताईंच्या उपासाचा नेम सांगितला. इतक्या वर्षांत त्याच्यापुढं आपण होऊन चूक कबूल करणारं माणूस त्यानं पहिल्यांदा पाहिलं होतं.

त्यामुळं करुणा गुड फ्रायडेची रजा मागायला गेली, तेव्हा तो खुर्चीतून उठलाच.

"माझा शेवटचा शुक्रवार हाय, सर. रजा पायजे."

"शेवटचा? मग उद्यापन असंल! ताई, तुमच्या उपासानं इथं लोक खरं बोलायला लागले. रजा कशाला? उद्यापन इथंच करू."

दोन दिवसांत भागूबाईंनी गुलमंडीच्या बाजारातून लक्ष्मीचा फोटो आणला. सात सवाष्णी ठरल्या. खिरीचं दूध सांगून झालं. ज्या दिवशी आपण काळी साडी नेसून चर्चमध्ये बसायचं, त्या दिवशी आपलंच उद्यापन, या विचारानं करुणाला झोप लागेना. तिला भीती देवाची कमी आणि भागूबाईंची जास्त वाटत होती. दर शुक्रवारी आपल्यासाठी पहाटे उठणाऱ्या त्या बाईला आपण फसवलं होतं.

गुरुवारी जेवायला बसल्यावर तिनं एका दमात सांगून टाकलं. "मावशी, माझं उद्यापन नाय. मी ख्रिस्ती हाय. उपास येशूसाठी धरलाय. त्या दिवशी तुम्हाला सांगायला भ्याले."

गोलातल्या सगळ्या बायकांचे हात थांबले. करुणाची नजर डब्यांवर होती. एकही डबा हलला नाही.

"भ्यायला मी काय वाघ हाय?" भागूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज दुखावलेला होता. "आन् मग उद्या काय असतं तुमच्यात?"

"उद्या त्याला क्रुसावर खिळ्यांनी ठोकून मारलं, त्याची आठवण."

"देव मेला, आन् त्या दिवसाला गुड म्हनता?"

आता ठसक्याची सोय नव्हती. करुणानं अडखळत सांगायला सुरुवात केली. त्याची काही चूक नव्हती, आणि मारणाऱ्यांनाही त्यानं माफ केलं. चर्चमधले पाळक सांगतात तसं तिला नीट जुळवता येईना. शब्द पुढंमागं होत होते.

"त्याची आई कुठं हुती?" भागूबाईंनी मध्येच विचारलं.

"तिथंच. खाली उभी हुती."

"तिला जवळ जाऊ दिलं?"

"व्हय."

भागूबाईंचा थोरला मुलगा अपघातात गेला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या कधी त्याच्याबद्दल बोलत नसत. "मला नव्हतं जाऊ दिलं," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात काचंबाहेरच ठिवलं." करुणानं त्यांचा हात धरला. सुट्टी संपल्याची घंटा झाली, तरी कोणी उठेना.

शेवटी भागूबाईंनी डोळे पुसले. "फोटो मी माझ्या घरी नेते. माझी लक्ष्मी माझ्याकडं, तू तुझ्या देवाकडं जा. शिवराजला मी बगते."

शनिवारी करुणा कामावर आली, तेव्हा मशिनी बंद होत्या आणि भागूबाई हातवारे करून सांगत होत्या, "...मंग त्या माईनं शिपायाचा भाला हिसकावला आन् असा हानला त्याच्या टाळक्यात! तरीबी लेकरू गेलंच. संपलं."

बायका हळहळल्या. शिवराजनंही मान हलवली.

करुणा दारातच थबकली. आयुष्यभर ज्या गोष्टीवर तिनं तोंड उघडलं नव्हतं, ती गोष्ट भागूबाई भर कारखान्यात, भाल्यासकट, सांगत होत्या.

"मावशी, तसं नाय!" ती ओरडलीच. "आईनं कुणाला मारलं नाय. आन् तिथं संपतबी नाय."

"संपत नाय?" भागूबाईंनी कमरेवर हात ठेवले. "मला तर तू तेवढंच सांगितलं!"

"घंटा झाली हुती, मावशी."

शिवराजनं घड्याळाकडं पाहिलं, मशिनींकडं पाहिलं आणि बाह्यांच्या गठ्ठ्यावर बसत म्हणाला, "आता नाय होत घंटा. सांगा."

करुणानं पिशवी खाली ठेवली आणि ती सांगायला लागली. दार आपल्या मागं उघडंच राहिलंय, हे तिच्या लक्षातही आलं नाही.