त्र्यंबकरावांचे फियाटीची आसने नवी जाहली त्याची हकीकत

श्री सुईदोऱ्याची कृपा असो, आणि निजलेले लेकरू घटकाभर निजलेलेच राहो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, माघ वद्य पंचमी, दुपारी दोनाचा सुमार, राज्यात सर्वत्र शांतता होती. राजकन्या पलंगी निद्रिस्त, थोरले स्वामी आरामखुर्चीत डोळे मिटोन, वीज गेल्याकारणे पंखादेखील स्तब्ध. ऐशा समयी दिवाणखान्याचे फरशीवर 'टिंग' ऐसा आवाज जाहला. रेवतीबाईंचे हातची सुई निसटली होती. सुई साधी नव्हे, बोटभर लांब आणि चंद्रकोरीसारखी वाकडी, आणि राजकन्या शाल्मली, वय वर्षे चार, तीस अनवाणी धावण्याचा नाद. तेणेकरून बाई लागलीच गुडघ्यांवर येऊन शोध करू लागल्या, आणि अखेर फियाट गाडीचे पुढले आसनाखाली सुई सापडली, तेव्हा जिवात जीव आला. येथे वाचणारांनी पुसावे जे, गाडीचे आसन दिवाणखान्यात कैसे आले? तरी तो मजकूर ऐसा.

हे राज्य तीन खोल्यांचे, दुसरे मजल्यावरील. नाव लिहिण्याची आज्ञा नाही. थोरले स्वामी त्र्यंबकराव म्हणजे रेवतीबाईंचे श्वशुर, पाणीपुरवठा खात्यात चाकरी करून निवृत्त जाहलेले. त्यांजपाशी सन एकोणीसशे बाहत्तरची फियाट, ती पन्नास वर्षांवर त्यांनी स्वहस्ते चालविली, दुसऱ्याचे हाती चाक दिले नाही. परंतु काचबिंदूने डोळे अधू जाहले आणि वैद्यांनी मना केले, मग स्वामींनीच मनाशी ठरविले जे, गाडी खाली उभी राहून कुजण्यापरीस जाणत्याचे घरी द्यावी. त्यावरून शेजारील शहरचे छापखानेवाले अण्णासाहेब सोनटक्के, जुन्या गाड्यांचे मोठे पोशिंदे, पाहणीस आले. त्यांनी यंत्र पाहिले, पत्रा पाहिला, संतोष पावले. मग दार उघडून आसने पाहिली, तो आत उंदरांनी ठाणे दिले होते, काथ्या बाहेर, रेक्झिनच्या चिंध्या. अण्णासाहेब म्हणाले, "राव, ही अशी नेऊन काय करू? मोडूनच नेतो. दारं, काचा, इंजिन माझ्या दुसऱ्या फियाटीला लागेल. आतून बसण्यासारखी असती तर चालवत नेली असती बघा. फाल्गुनात रंगपंचमी झाली की रविवारी माणसं घेऊन येतो." स्वामी "बरं" म्हणाले, परंतु त्या दुपारी ताकाची वाटी भरलेली तैसीच राहिली, ती रेवतीबाईंनी उचलताना पाहिली, आणि मनात पण केला जे, गाडी जाणार तर जावो, पण तुकडे होऊन जाऊ देणार नाही.

मग बाई एस. टी. स्टँडामागे दस्तगीरमामांचे दुकानी गेल्या. मामा गाड्यांची आसने शिवण्यात एके काळी त्या प्रांतात अद्वितीय. आता रिक्षांच्या गाद्या तेवढ्या करीत. बाईंनी हात जोडोन विनंती केली, तेव्हा मामा म्हणाले, "पोरी, मी शिवून दिलं असतं गं, पण ही कंबर बघ. सीटमधे शिरून कव्हर धरणाऱ्या तारेच्या कड्या आवळायच्या म्हंजे तास तास वाकायला लागतंय. तूच कर." बाई म्हणाल्या, "मामा, मी आजवर परकर आणि झबली शिवली आहेत." मामा म्हणाले, "मग काय झालं? तीसुद्धा हलणाऱ्या जिवाचीच की! हे सीट निदान गप तरी बसतंय." आणि त्यांनी विद्या सांगितली ती ऐसी: जुने कव्हर फाडू नये, एक एक टाका उसवावा, कारण जुने कव्हर हाच नकाशा, आणि रेक्झिन म्हणजे नवी सून, गारठ्यात ओढलीस तर फाटेल, उन्हात ठेवून मऊ कर, मग ओढशील तिकडे येईल. बाईंनी पुसले, "सुनेला उन्हात ठेवायचं होय मामा?" तेव्हा मामा एवढे हसले की हातचा चहा सांडला, आणि गुरुदक्षिणा दूरच, उलट आपली वाकडी सुई आणि पक्कड बाईंचे पदरी घातली.

तदनंतर हृषीकेशराव, राज्याचे धनी आणि बाईंचे पती, यांनी गाडीतून आसने सोडवून दोन मजले चढविली आणि ठेवून ते कचेरीस गेले. संध्याकाळी परतले तो दारातच थबकले. म्हणाले, "अगं, सोफा कुठे गेला?" बाई म्हणाल्या, "सोफा आहे तिथंच आहे. त्याच्यावर मागचं सीट आहे." "मग मी बसू कुठे?" "पुढच्या सीटवर बसा. खिडकीकडची जागा देते." राव हसत बसले, तो खालून स्प्रिंग टोचली, आणि पुन्हा त्यांनी सोफ्याचा विषय काढिला नाही. मग मोहिमेस आरंभ जाहला. राजकन्या दुपारी दीड तास निजत असे, तेवढेच बाईंचे राज्य. ती निजली की बाई उसवीत, जागी जाहली की आवरीत. कधी ती अर्ध्यातच जागी होई, मग तीस काथ्याचा पुंजका द्यावा, तो ती बाहुलीचे पोटात भरी आणि म्हणे, "हिला पण सीट करते." आणि बाईंस काम टाकून तिचेकडेच पाहत बसावेसे वाटे, आणि पाहतही, मग टाके राहून जात. मोबाइलमध्ये एक परदेशी गुरू होते, ते इतके झपझप शिवीत की बाईंनी त्यांस दहा वेळा थांबवून पाहावे. बाजारात चिंचोक्याचे रंगाचे रेक्झिन मिळाले, तेही दुकानदाराने शेवटचा तुकडा म्हणोन काढून दिले. आणि बाईंची शिवणयंत्राची सुई तीन वेळा मोडली, मग बाईंनी यंत्रास रजा दिली आणि हाताने शिवू लागल्या, आणि बोटांस भोके पडली, त्यांवर हळद लाविली.

ऐसे चालिले असता फाल्गुन शुद्धात मोठा घात जाहला. पुढले आसनास दोन बगला, म्हणजे कडेच्या बाजू, डावी आणि उजवी. पैकी उजवीचे जुने कव्हर उंदरांनी समूळ खाल्ले होते, म्हणोन बाईंनी डावीचाच नकाशा ठेवोन दोन तुकडे कापिले, आणि मोठ्या उमेदीने लावू गेल्या, तो दोन्ही डावेच! तुकडा उलटा करावा तर रेक्झिनची पांढरी पाठ वर येते. नकाशा उलटा ठेवोन कापावयाचा, हे ध्यानी राहिले नाही. रेक्झिन सरले, बाजारात नाही, रविवार दहा दिवसांवर. बाई दोन डाव्या बगला मांडीवर घेऊन भिंतीशी बसल्या आणि डोळ्यांतून पाणी आले, आवाज न करता, कारण राजकन्या निजली होती. परंतु ज्यांचे डोळे जातात त्यांचे कान तीक्ष्ण होतात. त्र्यंबकराव आरामखुर्चीतून म्हणाले, "रेवती, काय झालं गं?" "काही नाही बाबा." "काही नाही तर नाक कशाला ओढतेस? आण इकडे." मग त्यांनी दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून कडेने बोट फिरविले, आणि गालातल्या गालात हसले. म्हणाले, "दोन डावे पाय घालून निघालीस होय!" मग उठून चाचपडत नवे रेक्झिन चढलेल्या मागले आसनाशी गेले आणि पाठ व बैठक मिळते त्या फटीत कोपरापर्यंत हात घातला. म्हणाले, "हे बघ, हे हातभर रेक्झिन आत दडलंय. पन्नास वर्षांत इथं शेंगांच्या टरफलांशिवाय कुणी गेलं नाही. हे काप, त्याची उजवी बगल कर." बाई म्हणाल्या, "आणि इथं काय लावू?" स्वामी आत गेले आणि कपाटाचे तळातून खात्याची खाकी विजार घेऊन आले. म्हणाले, "हे लाव. अठ्ठावीस वर्षं पाइपलाइनवर गुडघे टेकले हिनं, फाटली नाही. आता नुसतं बसायचं काम आहे." तेव्हा सुनेने कापिले आणि सासऱ्यांनी कापड ताणून धरिले, आणि मग रोज दुपारी ताणून धरण्याचे काम स्वामींकडेच राहिले, आणि ताकाची वाटी रिकामी होऊ लागली. शनिवारी आसने गाडीत बसली.

रविवारी अण्णासाहेब आले ते टेम्पो आणि पाने-पकडींची पेटी घेतलेली दोन माणसे यांसह. माणसांनी पेटी उघडली. अण्णासाहेबांनी दार उघडले आणि उघडेच धरून उभे राहिले. मग आत बसले, उठले, मागे बसले, शिवणीवरून नख फिरविले, आणि जाणता मनुष्य म्हणोन नेमका फटीत हात घातला आणि खाकीची कड बाहेर ओढली. "हे काय?" बाई लटके बोलिल्या नाहीत. म्हणाल्या, "मी चुकून दोन्ही बगला डाव्या कापल्या. रेक्झिन संपलं, म्हणून इथलं काढून तिथं लावलं." अण्णासाहेब म्हणाले, "आणि ही खाकी कुणाची?" त्र्यंबकराव म्हणाले, "माझी." अण्णासाहेबांनी ती कड दोन बोटांनी जपून आत सारली, बाहेर आले आणि माणसांस म्हणाले, "पेटी मिटा रे. तुम्ही टेम्पो घेऊन व्हा पुढं. ही माझ्यासंगं चालत येईल." तेव्हा त्र्यंबकरावांनी किल्ली त्यांचे हाती दिली आणि इतकेच म्हणाले, "दुसऱ्या गियरला जरा दम धरा. तिला घाई आवडत नाही." गाडी निघाली. स्वामींस फाटकापलीकडे दिसत नाही, म्हणोन कानांनीच पोचवीत राहिले, पहिले वळण, दुसरे वळण, पाण्याचे टाकीपाशी भोंगा एक वेळ वाजला, मग काही नाही. मग वळून सुनेचे डोईवर हात ठेविला आणि म्हणाले, "अख्खी गेली हो."

येणेप्रमाणे पाच आठवड्यांची मोहीम फत्ते जाहली. सुया मोडल्या तीन, बोटे टोचली सर्व, गाडी अखंड गेली, स्वामींचे मन राहिले, आणि सोफा मोकळा जाहला. हकीकत समाप्त म्हणोन लिहावे, तो राजकन्या शाल्मली आईचे मांडीवर येऊन बसली आणि खिडकीतून खाली गाडीचे रिकाम्या जागेकडे पाहत राहिली, आणि बाई तिचे केसांतून हात फिरवीत असता तिने पुसले. पुसले ते इतकेच:

"आई, आपण छान केलं की मग ते घेऊन जातात का?"