वासुदेवभाऊंचा कचरा

वासुदेवभाऊंच्या स्वयंपाकघरात जिऱ्याच्या डब्यातून जिरेच निघाले, तर तो दिवस शुभ समजावा. एरवी पेनड्राइव्ह निघतो. मोहरीत एक, धन्यात दोन आणि पोह्यांत मेमरी कार्डांची अख्खी वस्ती. एकदा त्यांच्याकडे पोहे खाताना माझ्या दाताखाली काहीतरी कचकन आलं. खडा समजून बाहेर काढलं, तर भाऊंनी ते झडप घालून घेतलं, लुंगीला पुसलं आणि म्हणाले, "पाहा! सांगत नव्हतो, सापडते! जाते कुठी!"

"जाते कुठी" हे त्यांचं ब्रीद. वस्तू घराबाहेर गेली नाही तोवर ती हरवलेली नाही, असा त्यांचा सिद्धांत. डबे का, तर पावसाळ्यात घरात तेवढीच कोरडी जागा.

आमच्या कुरखेड्यात भाऊ माझे शेजारी. उमेदीची वर्षं त्यांनी झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाकडच्या, नाटकांत पेटी वाजवली. आता गुडघे मांडी घालू देत नाहीत, म्हणून धान ठेवायच्या खोलीत त्यांनी स्टुडिओ काढला आहे. स्टुडिओ म्हणजे भिंतींना ठोकलेला बारदाना आणि गोधड्या, एक माईक, एक कॉम्प्युटर आणि अजून न गेलेला धानाचा वास. तिथे ते नाटक मंडळांची गाणी रेकॉर्ड करून देतात. मी सरकारी कचेरीत जुने कागद सांभाळतो. बापजाद्यांच्या काळातला कागद दोन मिनिटांत काढून देतो आणि त्याचा मला गर्व आहे. अशा माणसाला देवाने नेमकं भाऊंच्या भिंतीला भिंत लावून घर द्यावं, यात देवाचीही काही मजा असणार.

रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर तसं साधं असतं. गाण्याची एक मुख्य फाईल, आणि गायिकेचा आवाज, ढोलकी, पेटी हे तुकडे तिच्याजवळ वेगवेगळे ठेवलेले. तुकडे हलवले की मुख्य फाईलला काही दिसत नाही. भाऊ ते रोज हलवत. काम संपलं की प्रत्येक तुकडा ज्याच्या त्याच्या गावी पोचवत. गायिका 'अहेरी' नावाच्या फोल्डरात, ढोलकी 'गडचिरोली'त आणि बासरीवाला मेहुणा असल्यामुळे 'सासुरवाडी'त. दुसऱ्या दिवशी गाणं उघडलं की कॉम्प्युटर म्हणे, फाईल सापडत नाही.

भाऊ त्याच्यावरच डाफरत, "काऊन सापडत नाई? अहेरीले गेली ते! तिले घरदार नाई का?"

"भाऊ, तुकडे जागचे हलवू नका हो," मी हात जोडून सांगे.

"वा बाबूसाहेब! काम झाल्यावर पाव्हण्याले अडकवून ठेवाचं? लोक काय म्हणतीन?"

या स्टुडिओवर खरं राज्य मात्र त्यांच्या बायकोचं, चंद्रकलाबाईंचं. दाराबाहेर भाऊंनी लाल दिवा लावला होता. तो पेटला की कोणी बोलायचं नाही. बाईंनी त्याच्या खिळ्याला मिरच्यांची परडी अडकवली आणि बोलणं चालूच ठेवलं. आत नाटकातल्या नायिकेचा शेवटच्या ओळीला गळा दाटून आलेला असायचा आणि बाहेरून हाक यायची, "अजी, भात थंडा होऊन राह्यला! या ना जेवाले!" ही हाक बसस्टँडवर कंडक्टरलासुद्धा ऐकू जात असावी. भाऊ कपाळावर हात मारत, बाईंचा आवाज कापून टाकत आणि गाणं पुन्हा सुरू करत. उठत मात्र नसत. पहिल्या तीन हाका वाऱ्यावर जायच्या आणि चौथीत त्यांच्या खानदानाचा उद्धार झाला की ते हलत. चाळीस वर्षांच्या संसारात यात खंड नव्हता.

गेल्या वर्षी बाईंना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. आता त्या पुढच्या खोलीत खुर्चीवर बसलेल्या असतात. त्यांचं सगळं भाऊच करतात. गाणं एका दमात रेकॉर्ड होतं, कोणी मध्ये बोलत नाही. मला त्या घरात जायला नको वाटायचं, इतकी ती शांतता वाईट होती.

या दिवाळीच्या तोंडावर एका मंडळाची बारा गाणी अर्धी झाली आणि कॉम्प्युटर गच्च भरला. पुढचं रेकॉर्डिंग होईना. भाऊ माझ्याकडे आले. "बाबूसाहेब, आता तुमीच लावा घर. फकत 'कचरा' नावाचं फोल्डर हाये, त्याले हात लावाचा नाई."

कचऱ्याला पहारा लावणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी मान डोलावली आणि मनात हसलो. तीन दिवस रजा टाकून एकेक तुकडा गावोगावहून परत आणला, ज्याच्या त्याच्या गाण्यात बसवला. सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती: कोणत्याच गाण्यात नसलेल्या फायली एका झटक्यात पुसायची. पुढे आली ती 'कचरा'तली शेकडो बारीक फायलींची यादी. एकही कुठल्या गाण्यात नव्हती. कॉम्प्युटरने दोनदा विचारलं, नक्की ना? मी दोनदा हो म्हटलं. कचऱ्याचं काय एवढं, असं वाटलं मला. आमच्या कचेरीत मी कधी चूक करत नाही.

भाऊ चहा घेऊन आले. मी अभिमानाने रिकामी झालेली जागा दाखवली. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "कचरा?"

"गेला."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते पोत्यावर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "त्याच्यात चंद्रकला होती ना, बाबू."

गाण्यांतून कापलेली तिची हाक न् हाक त्यांनी ठेवली होती. कोणी उघडू नये म्हणून नाव दिलं कचरा. मी डिलीट झालेल्या फायलींत शोधलं. तिथेही नव्हत्या, कायमच्या पुसल्या गेल्या होत्या. असली लाज मला उभ्या नोकरीत वाटली नव्हती.

मग भाऊ उठले आणि स्वयंपाकघरात गेले. मागोमाग मी. आम्ही दोघांनी डब्यांत हात घातले. जिऱ्यातल्यात भजनं निघाली, धन्यातले दोन्ही रिकामे. पोह्यांतली कार्डं एकेक लावून पाहिली, सगळी ढोलकी. भाऊ दर वेळी म्हणत होते, "जाते कुठी," पण आवाजात जोर नव्हता. शेवटी हळदीच्या डब्यात, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक पिवळाजर्द पेनड्राइव्ह सापडला. लावला. फायलींची नावं दिसली: 'भात', 'दूध उतू', 'लाईन गेली', 'भात पुन्हा'. मी आधी तीन प्रती काढल्या, मगच श्वास सोडला.

दुपारचे बारा वाजले होते. भाऊंनी स्पीकर उचलून पुढच्या खोलीत बाईंच्या खुर्चीजवळ नेला. रोज याच वेळी, मी कचेरीत असताना नेतात आणि माझ्या रजेच्या तीन दिवसांत संकोचाने नेला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी पहिली फाईल लावली आणि मुद्दाम पाठ करून आपल्या पेटीजवळ जाऊन बसले.

"अजी, भात थंडा होऊन राह्यला! या ना जेवाले!"

बाईंच्या ओठांचा डावा कोपरा वर गेला. त्या हसत होत्या.

"आलो, आलो," म्हणत भाऊ पहिल्याच हाकेला उठले आणि भात वाढायला आत गेले.