काटा हिरव्यात

माणसाला सत्य कळलं पाहिजे, याबद्दल कुणाचंच दुमत नाही. ते गोल तबकडीत, दिव्याच्या उजेडात आणि शक्यतो हिरव्या पट्ट्यात कळावं, एवढीच त्याची माफक अपेक्षा असते. गाड्या बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा एकदा मध्यावर आला, की इंजिन कितीही कण्हो, तो सहसा तिथून हलत नाही. (मध्यावरच्या काट्याबद्दल आजवर एकाही ग्राहकाने तक्रार केलेली नाही.)

गणराजला असलं गुळमुळीत सत्य चालत नसे. चाकणच्या एका कारखान्यात तो क्वालिटी खात्यात होता. कारखाना होजक्लिपा बनवायचा. म्हणजे इंजिनाच्या पाण्याचा रबरी पाइप आवळून धरणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या. दिवसभर मापं घेणारा माणूस संध्याकाळी न मापलेल्या गाडीत बसून घरी जातो, ही विसंगती त्याला बोचू लागली. त्यात भोसरीच्या गॅरेजवाल्या विक्कीने त्याची गाडी नुकतीच ट्यून केली होती. ट्यून करणं म्हणजे कंपनीने इंजिनाला घालून दिलेल्या मर्यादा लॅपटॉप लावून सैल करणं. गाडी आता सिग्नल सुटताच उधळे आणि पुढच्या सिग्नलला सगळ्यांच्या आधी जाऊन थांबे.

"भाऊ, ट्यूनिंग केलं आणि मीटर नाही लावले, म्हणजे डोळे बांधून गाडी हाणणं झालं," विक्की म्हणाला. हे त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं.

तीन मीटर बसले: टर्बोचा दाब, तेलाचा दाब, पाण्याचं तापमान. पाण्याच्या मीटरचा सेन्सर पाण्यात बुडालेला लागतो. त्यासाठी विक्कीने धडधाकट पाइप मधोमध कापला, मध्ये सेन्सरचा तुकडा घातला आणि दोन्ही टोकं क्लिपांनी आवळली. क्लिपा गणराजने कारखान्यातून नमुन्यादाखल आणल्या होत्या. घरचाच माल.

मीटर अव्वल निघाले. त्याच आठवड्यात मोशीच्या ट्रॅफिकमधून सुटून गाडी जरा पळवली, तर पाण्याचा काटा लाल पट्ट्यात शिरला आणि बझर कोकलला. मीटरचा उपयोग असतो की नसतो, या वादाचा निकाल इथेच लागायला हरकत नव्हती. मीटर सांगत होता, ट्यूनिंग जास्त झालंय, थोडं उतरवा. गणराजने मात्र हा प्रश्न खात्याच्या शिस्तीने हाताळला.

खात्यात मापात न बसणारा माल फेकून देणं अडाणीपणाचं समजतात. त्यावर 'डेव्हिएशन' काढतात. डेव्हिएशन म्हणजे, माल मापात बसत नसेल तर या खेपेपुरतं मापानेच जरा सरकून घ्यावं, अशी सविनय विनंती. विनंती उत्पादन खातं करतं, मंजुरी गणराज देतो, आणि 'या खेपेपुरतं' हे शब्द दर खेपेला न चुकता लिहिले जातात. मध्यंतरी क्लिपांचा एक अख्खा लॉट आवळायला ढिला निघाला. तोही असाच मंजूर झाला. (गणराजने घरी आणलेल्या क्लिपा याच लॉटमधल्या. चांगल्या लॉटमधलं काही बाहेर न्यायचं तर परवानगी लागते.)

तेव्हा गणराज नाशिक फाट्याच्या रेडियमवाल्याकडे गेला आणि काचेवरचा लाल पट्टा थोडा पुढे चिकटवून आणला. पुढे उन्हाळा वाढला तसा पट्टा आणखी एकदा सरकला, मग आणखी एकदा. बझरबाबत विक्कीने वायर कापून कायमस्वरूपी उपाययोजना केली. ग्राहक प्रतिनिधी म्हणून गणराजची बायको दिव्या शेजारच्या सीटवर असायची.

"अहो, लाल पट्टा इथं होता ना?"

"तो जुना. हा सुधारित."

"इंजिनाला कळवलंय का, सुधारित आहे म्हणून?"

(शेऱ्याची नोंद घेण्यात आली.)

दिव्याच्या भावाचं, समर्थचं, लग्न मंचरला ठरलं. तिचे वडील सोपानराव म्हणजे भोसरीच्या जुन्या घरातले. त्यांनी नवरदेवासाठी भाड्याची गाडी सांगायचं ठरवलं होतं. जावई मापं घेतो म्हणजे नेमकं काय करतो, हे त्यांना कधी उमगलं नव्हतं, आणि 'जावईबापू' म्हणताना ते त्यातला 'बापू' गिळून टाकत. गणराजला हे फार लागायचं. एकदा तरी म्हाताऱ्याने आपल्या शब्दावर विसंबावं, एवढंच त्याला हवं होतं. शेवटी दिव्याने वडिलांकडे शब्द टाकला, "बाबा, समर्थ आमच्याच गाडीतून जाईल. मी सांगते ना!"

खेड घाटात गाडी चढाला लागली. सोपानराव पुढे बसले होते, मागे दिव्या आणि मुंडावळ्या बांधलेला समर्थ. पाण्याचा काटा पहिल्या लाल पट्ट्याची जागा ओलांडून गेला, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. गणराज घाबरला होता. थांबायला हवं, हे त्याला स्वच्छ कळत होतं. पण मुहूर्त तोंडावर होता आणि शेजारी सासरे होते.

"जावई, ह्यो काटा लालमदी हाय का वो?"

"या खेपेपुरता, मामा."

आणि तेवढ्यात काटा थरथरला, खाली आला आणि सरळ हिरव्यात जाऊन बसला.

"व्हय की! आला जाग्यावर," सोपानराव म्हणाले. "आमाला कळत न्हाई, पर शिकल्याल्या मानसाचं काम येगळंच."

जावई झाल्यापासूनचं हे पहिलं कौतुक. गणराजला भरून आलं. त्याने गाडी आणखी दामटली.

(खुलासा: क्लिप सटकली होती आणि पाणी घाटात सांडलं होतं. सेन्सर कोरडा पडला. पाणीच उरलं नाही, की पाण्याच्या मीटरची तक्रारही उरत नाही.)

वळणावर इंजिनाने एक खरवडल्यासारखा आवाज काढला आणि ते कायमचं बसलं. काटा शेवटपर्यंत हिरव्यात होता.

नवरदेव कांद्याच्या पिकअपमधून मांडवात पोचला. मुहूर्त टळला होता. गुरुजींनी पंचांग चाळून, याच्या पुढची वेळही चालते, असा निर्वाळा दिला. (डेव्हिएशन ही पद्धत कारखान्यांनी शोधलेली नाही.) सोपानराव गणराजला ओलांडून लेकीकडे गेले. तिला म्हणाले, "पोरी, तुज्या भरवशावर बसलो व्हतो मी." दिव्या मान खाली घालून समर्थच्या फेट्यावरची कांद्याची सालं काढत राहिली. गणराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवणं उरकल्यावर तिने विचारलं, "सटकलेली क्लिप कुठली?"

"आमचीच."

"तशा अजून किती आहेत?"

"लॉट गेला सगळा."

"कुठं गेला?"

सोमवारी गणराजने कारखान्यात रीतसर अहवाल लिहिला. ग्राहकाने अनधिकृत मीटरसाठी पाइप कापल्याने बिघाड झाला. क्लिप मंजूर असल्याने निर्दोष आहे. ग्राहक म्हणून त्याने खाली सही केली, आणि क्वालिटी खात्यातर्फे ती मान्यही केली.

लॉट नव्या गाड्यांत बसून रस्त्यावर आला आहे. कुठल्या गाड्यांत, हे सांगता येणार नाही. तुमच्या गाडीत नसेलही. तरी एकदा डॅशबोर्डकडे बघून घ्या. काटा मध्यावर आहे ना? मग झालं तर.