मल्टिपल सरोजा

भालकीत आमच्या घरासमोर चंद्राक्काची पिठाची गिरणी होती. उन्हाळ्यात ती गिरणीत बसायची ती पाण्यानं भरलेल्या घमेल्यात पाय सोडून आणि डोक्यावर ओला टॉवेल घेऊन. नवं गिऱ्हाईक बिचकायचं. कुणी विचारलंच, तर ती शांतपणे सांगायची, "ऊन वाढलं की आमच्या वन्सं येत्यात. त्येंच्यासाठी हाय हे." वन्सं येतात तर पाय हिचे पाण्यात का, याचा विचार करत माणूस दळण न्यायला विसरायचा.

आमची आई पहिल्या खेपेला चांगलीच फसली. चंद्राक्काकडं वन्सं आल्यात असं ऐकून तिनं पाहुणीसाठी शेंगांच्या पोळ्या केल्या. मी तेव्हा बी.एड. करत होते. डबा घेऊन गेले, तर घरात चंद्राक्का एकटीच, एका डोळ्यावर हात ठेवून पडलेली. "वन्सं कुठंयत?" मी विचारलं. तिनं स्वतःच्या डोक्याकडं बोट केलं. "हितं. ठिव पोळ्या. त्येंच्या नावानं मीच खाते."

आजाराचं खरं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. तिचा मुलगा पुण्याला कंपनीत लागला होता. त्यानं तिला हैदराबादला नेऊन तपासून आणलं. डॉक्टर म्हणाले, नसांवरचं आवरण झिजतं, मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत धड पोचत नाही. हा आजार येईल, जाईल, पुन्हा येईल, पण कायमचा जाणार नाही. एवढ्या सगळ्यातून चंद्राक्काच्या कानानं नाव तेवढं धरलं, आणि तेही "मल्टिपल सरोजा" असं. आता सरोजा हे तिच्या सख्ख्या नणंदेचं नाव, मंठाळला दिलेल्या.

"एक सरोजा जन्माला पुरली हुती गं," ती कपाळाला हात लावून आईला म्हणाली, "आता ही मल्टिपल!"

नणंद सांभाळावी तसाच तिनं तो आजार सांभाळला. मान द्यायचा, पण डोक्यावर बसू द्यायचं नाही. दळण सकाळच्या गारव्यात. दुपारी आडवं व्हायचं म्हणजे व्हायचंच, मग गिरणीसमोर डब्यांची रांग का असेना. "वन्सं दमल्या की राग माझ्यावर काढत्यात." भिंतीला धरून ती रोज पायांचा व्यायाम करायची, त्याला वन्सांची कवायत म्हणायची. कुणी अंगारा आणून दिला, तर "पाव्हणीला अंगारा लावून कोण घालवतंय, व्हय?" म्हणून हसायची. आजार उसळला की हैदराबादला सलाईनमधून स्टेरॉइड घ्यायचं. त्या औषधानं फुगलेले गाल घेऊन ती परत यायची. "पाव्हणचार त्येंचा, अंगी लागला माझ्या!"

पण माहेरी आलेली नणंद रिकाम्या हातानं जात नाही. पहिल्या खेपेला वन्सांनी डाव्या डोळ्यातला लाल रंग नेला; नुसत्या त्या डोळ्यानं पाहिलं की तिखट तिला विटकरीसारखं दिसायचं. पुढं उजव्या हाताच्या बोटांचं कळणं गेलं. मग पीठ बारीक आहे की जाडं, हे पारखायला ती चिमूटभर पीठ गालावर चोळायची आणि दिवसभर एक गाल पांढरा घेऊन बसायची. नंतर तोल गेला, काठी आली. मला वाईट वाटायचं. ती म्हणायची, "जाऊ दे. माहेरवाशीण हाय. मोकळ्या हातानं कसं धाडावं?"

खऱ्या वन्सं मात्र या सगळ्या काळात एकदाही आल्या नव्हत्या. चंद्राक्काचा नवरा गेला तेव्हा तेराव्याला त्या म्हणाल्या होत्या, "गिरणी इक. बाईमाणसाला झेपायचं न्हाई." चंद्राक्का भडकली. "माझ्या उंबऱ्याला पाय लावू नगा," म्हणाली. तेव्हापासून दोघींची तोंडं दोन दिशांना. मुलगा कितीदा म्हणाला, आत्याला घेऊन येतो. "कामून? हाय की एक घरात," एवढंच उत्तर. मात्र मंठाळची बस गल्लीच्या तोंडाशी थांबली की तिची मान तिकडं वळायची, हे आम्ही सगळे पाहत होतो.

आमच्याकडच्या गोष्टी पाय नसले तरी चालतात. भालकीची चंद्राक्का सांगती, वन्सं सारख्या येत्यात आन् घर धुऊन नेत्यात, हे मंठाळला पोचलं. उन्हाळ्यातल्या एका सकाळी बसमधून एक उंच म्हातारी उतरली आणि थेट गिरणीपुढं उभी राहिली.

"चंद्रे! मी कवा आले गं तुझ्याकडं? काय नेलं म्या तुझं? सांग चारचौघांत!"

चंद्राक्का दचकून उठायला गेली. काठी हाताला लागेना. घमेलं कलंडलं, पाणी सगळ्या पिठात. एक गाल पांढरा, डोक्यावर ओला टॉवेल, अशी ती भिंत धरून कशीबशी उभी. सरोजाबाईंचा आवाज एकदम खाली आला. "हे काय झालं गं?"

आरडाओरडा ऐकून मी आणि आई समोरून धावत आलो होतो. आईनं सगळं सांगितलं. आजाराचं नाव, डोळा, बोटं, तोल. मला वाटलं, आता भांडणाला खरा रंग चढणार. सरोजाबाई खाली ओल्यातच बसल्या.

"माझं नाव दिलंस व्हय रोगाला?"

"मंग काय करू, वन्सं?" चंद्राक्का म्हणाली. "तुमचं नाव घ्यायला दुसरं निमित्तच नव्हतं मला."

सरोजाबाई त्या खेपेला बरेच दिवस राहिल्या. दुपारी चंद्राक्का आडवी झाली की गिरणीत त्याच बसायच्या आणि गिऱ्हाइकांवर खेकसायच्या. आता त्या जागी मोबाईलचं दुकान आहे. पण भालकीला गेले की मी तिथं उगीच थांबते, आणि आठवतो तो त्यांच्या निघण्याचा दिवस.

चंद्राक्कानं रीतीप्रमाणं साडी पुढं केली. सरोजाबाईंनी ती हातात घेतली, तिच्यावरून हात फिरवला आणि परत चंद्राक्काच्या मांडीवर ठेवली.

"ह्या बारीला मी काय बी नेणार न्हाई," त्या म्हणाल्या.

रंग गेला, बोटं गेली, तोल गेला तेव्हा हसत राहिलेली चंद्राक्का बस गेली तरी उंबऱ्यात बसून रडत होती. गालावरच्या पिठाची पार कणीक झाली होती.