हिरामण सरांची मधली जागा

अक्कलकुव्याला लग्नाला निघालेली भरगच्च जीप हिरामण सरांनी एकदा भर हायवेवर थांबवली. आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याला मळमळलं. सर उतरले, तरातरा एका पंक्चरवाल्याकडे गेले आणि त्याच्या बोर्डावर बोट ठेवून म्हणाले, “हाऊ ‘क्विकली’ चुकीना जागावर बठेल शे.”

बोर्डावर इंग्रजीत लिहिलं होतं, ‘वी क्विकली कॅन रिपेअर’. पंक्चरवाला हातात ट्यूब धरून उभाच राहिला. कुणी साहेब तपासणीला आला असं समजून त्याने आधी चहा मागवला. सरांनी चहा घेतला, खडू मागितला, ‘क्विकली’ खोडून ‘कॅन’ आणि ‘रिपेअर’ यांच्या मध्ये बारीक अक्षरात लिहिलं आणि मगच जीपमध्ये येऊन बसले. आम्ही पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. नवरदेवाच्या मामाने विचारलं, उशीर का झाला? आता काय सांगणार त्याला!

मी रफिक. नंदुरबारला माझा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बॅनर, शाळेची पत्रकं, जे येईल ते छापतो. सर माझे शेजारी. मूळचे कोरीटचे, घरी शेती, पण आयुष्य गेलं शाळेत इंग्रजी शिकवण्यात. रिटायर झाले आणि मुलं सुटली, मी सापडलो. त्यांचं अंगण आणि माझा छापखाना यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत आहे. तिच्यावरून ते रोज सकाळी माझी प्रुफं वाचतात. मी दाखवत नाही, तरी वाचतात.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. इंग्रजीत ‘विल’, ‘कॅन’, ‘मस्ट’ असे काही शब्द असतात. त्यांच्यामागून खरं काम करणारा शब्द येतो, म्हणजे ‘कम’, ‘गो’, ‘रिपेअर’ वगैरे. आता ते काम लवकर, नक्की, की बहुतेक, हे सांगणारा जो तिसरा शब्द, त्याने या दोघांच्या मध्ये बसायचं. पुढे नाही, मागे नाही. “मधी बसाड त्याले!” हे वाक्य मी दिवसातून किमान चार वेळा ऐकतो.

नुसतं सांगून त्यांचं भागत नाही. एकदा त्यांनी मला बाकड्याच्या एका टोकाला बसवलं, “तू विल.” दुसऱ्या टोकाला माझे कटिंग मशीनवाले करीमचाचा, “तुम्हीन कम.” आणि स्वतः आमच्या मध्ये घुसून ताठ बसले, “मी सर्टनली. आते सांगा, वाक्य कसं दिखस?” करीमचाचा म्हणाले, “सर, वाक्य अच्छा दिखता है, लेकिन मेरा आधा ‘कम’ बाहर लटक रहा है.” सर इतके हसले की चष्मा पडला.

लग्नसराईत तर माझा जीव जातो. एका वधूपित्याला पत्रिकेवर ‘यू मस्ट कम सर्टनली’ हवं होतं, तेही लाल अक्षरात, पुढे तीन उद्गारचिन्हं. सर भिंतीवरून ओरडले, “रफिक, मशीन बंद कर!” तासभर दोघांची जुंपली. शेवटी तो बाप हात जोडून म्हणाला, “सर, मन्ही पोरनं लगीन लागू द्या, मंग शब्दसनं लावा!” तडजोड म्हणून मी दोन्ही प्रकारच्या पत्रिका छापल्या. सरांनी त्यांची बरोबर असलेली पत्रिका अजून कपाटात जपून ठेवली आहे. लग्नाला मात्र ते गेले आणि दोन वेळा वरण-बट्टी मागून घेतली.

गावात एक नवे इंग्रजीचे मास्तर आले. ते सरांना नम्रपणे म्हणाले, “सर, शेवटी ठेवलं तरी चालतं हो. इंग्रज लोकही ठेवतात.” सर आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. मला म्हणाले, “इंग्रज काय, ते कसंबी बोलतस. आपण शिकेल मानसं शेतस.”

तर असा हा माणूस. आणि श्रावणाच्या तोंडाशी माझ्याकडे एका क्लासवाल्याचा बॅनर आला, ‘यू विल पास डेफिनेटली’. मी मुद्दामच प्रूफ भिंतीवर पसरलं. सरांनी पाहिलं आणि म्हणाले, “छाप.”

या अल्ला! मी मशीन सोडून भिंतीपाशी गेलो. “सर, तब्येत बरी ना?”

सर भिंतीला टेकले. मग एकदम सगळं बोलले.

त्यांची मुलगी रेखा चैत्रात माहेरी आली होती. फारकत झाली होती. कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होतं, विचारत कुणी नव्हतं. तिने चिंचपाड्याला एका शाळेत नोकरी धरली, रोज बसने जाऊन येऊन करायची. सरांच्या पत्नी वारल्यापासून घर मुकं झालं होतं, ते आता जरा बोलायला लागलं होतं. आणि पुढच्या रविवारी कानबाई होती.

आमच्या खानदेशात कानबाई म्हणजे सगळी भाऊबंदकी एका घरात. सर थोरले, म्हणून देवी त्यांच्याकडे बसते. आदल्या दिवशी घरातल्या एकेका माणसाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू सुपात टाकतात. त्या पिठाचे रोट होतात आणि ते फक्त कुळातल्यांनी खायचे. सरांच्या घरात नावं पुरुषांचीच धरतात, आणि लग्न झालेली मुलगी परक्या कुळाची, तिला रोट नाही.

“ती म्हने, बाबा, मी त्या दोन दिन चिंचपाड्याले मैत्रीणकडे ऱ्हासू,” सर म्हणाले. “मन्हा घरमा कानबाई, नि मन्ही आंडेर, मन्ही पोटनी पोर, लोकसना घरमा. मी तिन्हं नाव धरसू तर भाऊ उठी जाई. मले एकच भाऊ शे रे.”

मी म्हटलं, “सर, तुम्ही ठरवा. पण तिला जाऊ देऊ नका.”

शनिवारी सकाळी कोरीटहून त्यांचे धाकटे भाऊ भटूआप्पा, त्यांची बायको मंगलकाकू आणि दोन मुलं आली. अंगणात सूप मांडलं. मी मशीन बंद करून भिंतीशी उभा राहिलो. खोटं कशाला बोलू, कान टवकारूनच उभा होतो. रेखा पिशवी भरून दारात बसली होती, बसची वेळ व्हायची होती.

सरांनी खणखणीत आवाजात एकेक नाव घेत गहू टाकले. हिरामण. भटू. भटूचे दोन मुलगे. मग पुन्हा पोत्यात हात घातला, मूठ वर काढली आणि म्हणाले, “रेखा.”

भटूआप्पा उभेच राहिले. “आण्णा, हाई काय करी ऱ्हायनात? लगीन व्हयेल आंडेरनं नाव धरतस का कोठे?”

“तिन्हं लगीन ऱ्हायनं कोठे? ती मन्हा घरमा शे. मन्हा घरमा जेवस, मन्हा घरमा रडस.”

“मंग आम्ही जातस.”

सरांनी मूठ सुपावर धरली, चार दाणे बाहेर सांडले. तरी ते म्हणाले, “जाय भाऊ. मी तुले रोकत नही. पन हाई मूठ मी परत पोत्यामा टाकाव नही.”

रेखा उठली, “बाबा, राहू द्या ना,” म्हणत पिशवी उचलून निघालीच. तेवढ्यात मंगलकाकूंनी तिचा हात धरला. सांडलेले चार दाणे वेचले, सुपात टाकले आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, “उभा काय ऱ्हायनात? बठा खाले. गहू निवडाना शेतस अजून. रेखा, पिशवी ठेव व बेटा, नि पानी लई ये.”

भटूआप्पांनी एकदा सुपाकडे, एकदा बायकोकडे पाहिलं. मग खाली बसले आणि गहू निवडायला लागले. तोंड फुगलेलं होतं, पण हात चालत होता.

सर भिंतीपाशी आले. डोळे उपरण्याने पुसत होते, लपवतही नव्हते. मला म्हणाले, “रफिक, तुले रोट देता येत नही हं. घरना मानसेसनंच ऱ्हास ते.”

“माहीत आहे सर,” मी म्हटलं.

“पन मन्ही रेखा खाई,” ते म्हणाले. “यंदा मन्ही रेखा रोट खाई.”