सुमनला इचारून सांगते

परभणीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी शिवकांता मावशींची पिठाची गिरणी होती. गिरणीला रंग द्यायचा का, बायकांच्या भिशीत यायचं का, शेजारच्या लग्नाला बाहेरगावी जायचं का, कुणी काहीही विचारलं की मावशी पिठाचा हात पदराला पुसत एकच उत्तर द्यायच्या, "सुमनला इचारून सांगते."

नवखा माणूस निमूट थांबायचा. त्याला वाटायचं, आत सून असेल, शिकलेली असेल, घरात तिचं चालत असेल. आत कुणीच नव्हतं. सुमन ही एका जुन्या इंग्रजी कादंबरीची नायिका होती, विलायतेत राणीचं राज्य होतं तेव्हाच्या कादंबरीची. तिला परभणीत आणण्याचा दोष माझ्याकडे जातो.

मी राणीसावरगावची. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. बी.ए.ला मी इंग्रजी विषय घेतला, ते धाडस होतं की अज्ञान, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. गिरणीच्या मागची खोली मावशींनी मला राहायला दिली होती. गिरणी सुरू झाली की फळीवरचा पेला चालत चालत कडेला यायचा. त्याला मागे सारत सारत मी शब्दकोश बघायची.

मावशी साठीच्या पुढच्या. अंगाने बारीक, गळ्यात लिंगायतांचं लिंग, भुवयांवर पीठ. त्यांचे केस पिकलेले आहेत की पिठाने पांढरे आहेत, याबद्दल गल्लीत दोन मतं होती. डब्यांवर नावं लिहिलेली त्यांना चालत नसत. पोचे आणि झाकणं बघून त्या डबा ओळखायच्या. धान्यात खडे दिसले तर डबा परत. दळण आणणारी बाई कलेक्टरीण असली तरी परत. गिरणीचा दगड झिजून गुळगुळीत झाला की त्याला टाकी घालायला कारागीर बोलवायच्या नाहीत. दोरीने बांधलेला चष्मा चढवून, पुढ्यात दगड घेऊन स्वतः छिन्नी चालवायच्या. तेवढ्या वेळात त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, असा दंडक होता.

एका दुपारी लाइट गेली. गिरणी थांबली, बायका डब्यांवर बसून राहिल्या. मी दारात उजेडाला पुस्तक घेऊन बसले होते. मावशींनी विचारलं, काय वाचायलीस. मी गाइडमधला सारांश सांगितला: एक अनाथ मुलगी आहे, नातेवाइकांकडे वाढली, मोठ्या घरी मुलांना शिकवायला राहिली, पुढे तिने स्वतःची शाळा काढली. नायिकेचं नावही सांगितलं. मावशींनी ते दोनदा म्हणून बघितलं, जिभेवर बसेना. म्हणाल्या, आपण तिला सुमन म्हणू. मग विचारलं, "त्या मोठ्या घरात तिला जेवायला कोण वाढायचं? का तिचं तीच घ्यायची?"

हे गाइडमध्ये नव्हतं. सरांच्या नोट्समध्येही नव्हतं. तिथे फक्त 'स्वतंत्र बाण्याची नायिका' असं होतं आणि खाली तीन मुद्दे. मला मूळ पुस्तक उघडावं लागलं. तिचं जेवण ताटलीत घालून वरच्या खोलीत पाठवायचे. ती नोकरांतही बसायची नाही आणि मालकांतही नाही. दुसऱ्या दिवशी लाइट गेल्यावर मी ते सांगितलं. मावशी म्हणाल्या, "माहेरी परत आलेल्या बाईचं असंच असतंय."

तेव्हापासून लाइट गेली की सुमन, असा शिरस्ता पडला. आमच्याकडे लाइट भरपूर जाते, त्यामुळे कादंबरी वेगात पुढे सरकली. रांगेतल्या बायका ऐकायला लागल्या. काही जणी लाइट जायच्या वेळेलाच दळण आणू लागल्या. सुमनच्या प्रत्येक वागण्यावर मावशी निकाल द्यायच्या, मंजूर किंवा नामंजूर. मालकाच्या पोराने उद्धटपणा केला तेव्हा तिने त्याला पुस्तक मिटून बाहेर काढलं: मंजूर. रडताना तोंड उशीत घातलं: नामंजूर, रडायचं तर खिडकीत बसून रडावं, हवा तरी लागते. पुढे पुढे स्वतःच्या गोष्टींचा निकालही त्या सुमनवर सोपवायला लागल्या.

मी इंग्रजी वाचायला शिकले ती तिथे, हे मला कबूल केलं पाहिजे. मावशी आणि त्या बायका असे प्रश्न विचारायच्या की पान उलटून पुढे जाताच यायचं नाही. एका प्रकरणात सुमनला चांगल्या घरचा, नेमस्त, देवभक्त माणूस मागणी घालतो आणि ती नाही म्हणते. रांगेत हळहळ झाली. एवढं खाऊनपिऊन सुखी ठिकाण, आणि ही अनाथ, हिला कशाचा माज, असं एक जण बोललीच. मावशींनी मला विचारलं, "तो तिला इचारायला आलता का सांगायला आलता?"

मी खोलीत जाऊन ती दोन पानं पुन्हा वाचली. तो माणूस दोन पानं बोलतो. कुठे राहायचं, किती वाजता उठायचं, तिने कुठली कामं सोडायची, सगळं सांगतो. तिला एकही प्रश्न विचारत नाही. मी आधी तीच पानं दोनदा वाचली होती आणि मला ते दिसलं नव्हतं. परीक्षेत मी हेच लिहिलं. मार्क चांगले मिळाले. घाईत मी पेपरात तीन ठिकाणी नायिकेचं नाव सुमन लिहून आले होते. तपासणाऱ्याने ते कसं घेतलं कोण जाणे.

मागणीच्या त्या प्रकरणाचा एक परिणाम मात्र मला अपेक्षित नव्हता. रांगेत लग्नं जमवणाऱ्या एक बाई असायच्या. त्यांनी गोष्ट मधूनच ऐकली होती. आठ दिवसांनी त्या सुमनसाठी स्थळ घेऊन आल्या. मुलगा बिजवर, सरकारी कारकून, निर्व्यसनी. पोरीला आईबाप नाहीत तरी त्याची हरकत नाही, मास्तरीण असली तर उलट बरंच, असा त्याचा निरोप होता. मला वाटलं, मावशी आता हसतील आणि खुलासा करतील. त्यांनी बाईंना पाट दिला आणि सविस्तर चौकशी केली. पहिली बायको कशाने गेली? पगार पोरीच्या हातात राहील का? तिला शाळा चालू ठेवायची आहे, चालेल का? बाई म्हणाल्या, शाळेचं बघू नंतर. मावशी उठल्या.

"मग सुमन न्हाई म्हणली समजा," त्या म्हणाल्या, आणि बाईंच्या गव्हात खडे निघाले.

त्या उन्हाळ्यात गिरणीचा पट्टा निसटून मावशींच्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडलं नाही, पण डबा उचलताना त्यांचा हात थरथरायला लागला. तेव्हापासून त्यांचा भाचा नागनाथ, म्हणजे भावाचा मुलगा, चुडाव्याहून पॅसेंजरने वरचेवर यायला लागला. साधा शेतकरी माणूस, येताना कधी वांगी, कधी भुईमुगाच्या शेंगा आणायचा. त्याचं म्हणणं एकच, आत्या, चुडाव्याला चल, एकटी कशाला राहायलीस. मावशींचं उत्तरही एकच, सुमनला इचारून सांगते.

नागनाथला रांगेतल्या बायकांकडून सुमन कोण ते कळलं होतं. तो हसला नाही. एकदा स्टेशनला निघताना माझ्या दाराशी थांबून त्याने हळूच विचारलं, "ताई, ती सुमन शेवटी काय करती?"

मी म्हणाले, अजून वाचायचं आहे. हे खोटं होतं. शेवट मला पाठ होता. त्या मोठ्या घरात ज्या एकाच्या सोबत तिला बरं वाटायचं, पण ती तिथून निघाली तेव्हा जो तिला साधं थांब म्हणायलाही धजला नव्हता, त्याचं कितीतरी वर्षांनी पत्र येतं: येशील का? सुमन चार दिवस विचार करते, शाळेला कुलूप लावते आणि जाते.

हा शेवट ऐकला तर मावशी चुडाव्याला जाणार, हे मला उघड दिसत होतं. आणि मला ते होऊ द्यायचं नव्हतं. मी आयुष्यात पाहिलेली पहिली स्वतंत्र बाई कादंबरीत नव्हती, ती छिन्नी घेऊन दगडासमोर बसलेली होती. तिने भाच्याच्या घरी कोपऱ्यातली म्हातारी होऊन बसावं, हे मला सोसणारं नव्हतं. म्हणून मी कादंबरी वाढवायला घेतली.

सुमनच्या शाळेचं छप्पर वादळात उडवलं. ते पुन्हा घालण्यात दोन आठवडे काढले. गावात साथ आणली. शेजारणीची गाय अडली, तिला सुमनच्या हातून सोडवलं. मी शेतकऱ्याच्या घरची, त्यामुळे भरतीला जे सुचायचं ते आमच्याच शिवारातलं असायचं. एकदा तर शाळेमागच्या तुरीवर अळी पडली. रांगेतल्या एकीने विचारलं, विलायतेत तूर कधीपासून व्हायली? मी गांगरले. मावशी शांतपणे म्हणाल्या, "सुमननं लावली असंल."

असे चार महिने गेले. कॉलेजच्या ग्रंथालयात मी ते पुस्तक इतक्या वेळा नावावर वाढवून घेतलं की तिथल्या काकांनी विचारणंच सोडलं. दिवाळी झाली. नागनाथने निरोप धाडला, गुरुवारी टेम्पो घेऊन येतो, यायचं का न्हाई तेवढं आत्यानं सांगावं.

बुधवारी दुपारी लाइट गेली. मावशींनी रांगेतल्या बायकांना घरी पाठवलं, शटर अर्ध्यावर ओढलं आणि माझ्यासमोर पोत्यावर बसल्या.

"आज तूर नको, गाय नको," म्हणाल्या. "ती शाळा सोडती का न्हाई, खरं सांग."

मी सांगितलं. पत्राचं सांगितलं, चार दिवसांचं सांगितलं, कुलपाचं सांगितलं. आणि लगेच, त्यांनी काही म्हणायच्या आत, बोलत सुटले. म्हणाले, त्या काळात पुस्तकाच्या शेवटी लग्न लावावंच लागायचं, त्याशिवाय लोक घ्यायचे नाहीत. ती गेली म्हणून तुम्ही जायला हवं असं कुठे आहे? तुम्ही तिच्यापेक्षा खंबीर. बाई एकटी राहू शकते, हे तुम्ही अख्ख्या गल्लीला दाखवलंत.

मावशी दुखऱ्या मनगटावरचं पीठ झटकत होत्या.

"एकटीला जमतंय म्हणून एकटीनंच राहायचं का गं, पोरी?"



मग त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यातच. लग्न ठरवताना कुणी विचारलं नाही. नवरा गेल्यावर सासरच्यांनी गाडीत बसवून माहेरी सोडलं, तेव्हा विचारलं नाही. भावाने या गिरणीवर आणून ठेवलं, तेव्हाही नाही. गिरणी त्यांनी आपली केली, ती त्यांची एकटीची कमाई. नागनाथ हा पहिला माणूस, जो येतेस का म्हणाला आणि उत्तराची वाट बघत परत गेला. एकदा नव्हे, चार महिने. पण मी रोज सुमनचा एकटेपणा असा डोक्यावर घेऊन नाचत होते की, जायचंय, असं म्हणायची त्यांना लाज वाटत होती. सुमन गेली असती तर त्यांना जाता आलं असतं.

"गिरणी थांबली की लय शांत होतंय इथं," त्या म्हणाल्या. "तुला कळत न्हाई. तू वाचत बसलेली असतीस."

मी ते पुस्तक तोवर चारदा वाचलं होतं. स्वतंत्र म्हणजे जिला कुणी लागत नाही ती, असं मी धरून चालले होते. नोट्समधल्या तीन मुद्द्यांचाही साधारण तोच अर्थ होता. त्या संध्याकाळी शेवटचं प्रकरण पुन्हा काढलं. सुमन कुलूप लावते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर हार असेल असं मी समजत होते. तसा एक शब्दही तिथे नव्हता. ती गाडीच्या वेळेच्या बरीच आधी निघते, एवढंच लिहिलं होतं.

गुरुवारी नागनाथ आला. मावशी गिरणीच्या दारात उभ्या राहून अटी सांगायला लागल्या. मोटर आणि दगड संगं येणार, चुडाव्यात गिरणी घालणार. लाइटचं मीटर माझ्या नावावर. माझ्या खोलीला रस्त्याकडून वेगळं दार. दळणाच्या वेळा मी ठरवणार, घरचं दळणसुद्धा रांगेत. इथलं घर ही पोरगी शिकून होईस्तोवर तिच्या ताब्यात राहील, कुणी तिला ऊठ म्हणायचं न्हाई. नागनाथ प्रत्येक अटीला हो म्हणत गेला. टेम्पोवाला घड्याळ बघत होता. दोघा हमालांनी दगड चढवला, मोटर चढवली, छिन्नीची पिशवी मावशींनी स्वतः पुढच्या सीटवर ठेवली.

अटी संपल्या. मावशी तरी उभ्याच. आणखी काहीतरी राहिलं असावं म्हणून नागनाथ वाट बघत थांबला.

"सकाळचा चहा," मावशींनी विचारलं, त्याच्याकडे न बघता, "तुमी समदे संगं बसून पिता, का ज्याचा त्याचा?"

"संगंच, आत्या. पण पोरं लय कालवा करत्यात."

"करू द्या," मावशी म्हणाल्या, आणि शटर ओढायला वळल्या.