साळिंदरांची लाल पिशवी

मुलांनो, एका जंगलात, जिथे हल्ली पाणवठे कमी आणि पेट्रोलपंप जास्त झाले आहेत, तिथे कुसुमबाई नावाची एक साळिंदरीण राहत होती. तिचे यजमान मनोहरपंत फार व्यवस्थित होते. तिची दोन पोरं, टोच्या आणि टोकी, अजिबात व्यवस्थित नव्हती.

कुसुमबाईंनी समुद्र पाहिला नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात दाखवतो, असं मनोहरपंत म्हणाले होते. त्याला अकरा उन्हाळे झाले. कधी गाडी नव्हती, कधी रजा नव्हती, आणि दोन्ही असली की मुहूर्त नव्हता.

यंदाही तसंच झालं. रजा मिळाली शनिवार ते सोमवार. मुहूर्त निघाला मंगळवारचा, म्हणजे चार दिवस आधीचा.

"मग या वर्षीही राहिलं," कुसुमबाई म्हणाल्या.

"राहील कसं? प्रस्थान ठेवू," मनोहरपंत म्हणाले.

तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगते. चांगल्या दिवशी स्वतःला निघता आलं नाही, तर आपली एक पिशवी शेजारी नेऊन ठेवायची. म्हणजे आपण निघालोच, असं धरतात. मग सवडीने निघताना ती पिशवी उचलायची. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात.

तर मंगळवारी मनोहरपंतांनी एका लाल पिशवीत नारळ, सुपारी आणि आपली पोहायची चड्डी घातली. पिशवी शेजारच्या मुंगूसकाकूंकडे ठेवून ते निश्चिंत झाले.

शनिवारी पहाटे गाडी निघाली. कुसुमबाईंनी गुळाच्या दशम्या, लसणाची चटणी आणि एक रिकामी बाटली घेतली होती. बाटलीत समुद्राचं पाणी भरून आणायचं होतं.

"बाराला समुद्र," मनोहरपंत म्हणाले. "मध्ये कुठेही थांबायचं नाही."

पहिल्याच वळणावर टोच्या म्हणाला, "आई, आलं का?"

"नाही रे बाळा."

"बाबा, ही मला टोचतेय!"

"तूच टोचतोयस! काटे आवर तुझे!"

"दोघांनी आपापल्या खिडकीकडे बघा," कुसुमबाई म्हणाल्या. पण साळिंदरांनी खिडकीकडे तोंड केलं की पाठी एकमेकांना लागतात. किंकाळ्या दुप्पट झाल्या.

मग टोकीला उलटी झाली. गाडी थांबली. मग टोच्याला शू आली. गाडी थांबली. शू करून दमलेला टोच्या चाकाला टेकून बसला.

फुस्स!

मनोहरपंत घाम पुसत चाक बदलत होते, तेवढ्यात शेजारून एक जीप भरधाव गेली. आत मुंगूसकाकू होत्या. चार पोरं होती. सगळे जोरजोरात हात करत होते.

"बाबा, काकू बोलावताहेत!" टोकी ओरडली.

"आपलं चाक बसलं म्हणून खिजवताहेत. कुणी बघू नका तिकडे," मनोहरपंत म्हणाले.

कुणीच बघितलं नाही. व्यवस्थित घर होतं ना!

चार वाजता गाडी घाटमाथ्यावर पोचली. आणि झाडांच्या फटीतून, खूप खाली, कुसुमबाईंना एक निळी रेघ दिसली. 

"अहो, तो..."

कच्चकन ब्रेक लागला.

"पिशवी!" मनोहरपंत पांढरे पडले. "प्रस्थान उचललंच नाही! म्हणजे आपण चुकीच्या वेळी निघालो. म्हणूनच चाक बसलं!"

"चाक टोच्या टेकल्यामुळे बसलं हो."

"तो टेकला का, ते बघ ना!"

"अहो, समुद्र तो काय समोर आहे."

"समुद्र पळून जातोय का?"

गाडी वळली. कुसुमबाई मागच्या काचेतून बघत राहिल्या. निळी रेघ बारीक झाली आणि गेली.

"आई, आलं का?" टोच्याने विचारलं. 

दिवेलागणीला घर आलं. मुंगूसकाकूंच्या दाराला कुलूप होतं. कडीत चिठ्ठी होती.

'भावजी, तुमचं प्रस्थान इथेच राहिलं. ते द्यायला तुमच्या मागे निघालोय. गाठ पडली नाही तर समुद्रावर बसतो. मुलांना तशीही सुट्टी आहे.'

मनोहरपंत पायरीवर बसले. "झालं. आता नवी पिशवी भरायची. पुढचा मुहूर्त दिवाळीनंतर आहे."

कुसुमबाई कधी उलट बोलत नसत. त्या दिवशीही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त एक साधी शंका विचारली.

"अहो, पिशवी पुढे गेली म्हणजे आपण निघालो, असंच ना?"

"असंच."

"मग पिशवी पोचली, म्हणजे आपणही पोचलो?"

"शास्त्राने पोचलोच."

"मग समुद्रावर पोचलेल्या माणसांनी इथे घरात झोपायचं? हे भलतंच अशुभ नाही का हो?"

मनोहरपंतांचे सगळे काटे उभे राहिले. असा बाका प्रसंग पंचांगात कुठेच दिलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गाडी निघाली. टोकीला उलटी झाली. टोच्याला टायरपासून लांब धरलं गेलं. अकराला सगळे वाळूत उभे होते.

मुंगूसकाकू पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "घ्या भावजी! काल उतारावर जीप थांबेचना. नारळ तेवढा पोरांनी खाल्ला हं."

"अहो, प्रस्थानाचा नारळ!" मनोहरपंत ओरडले.

कुसुमबाईंना ऐकू गेलं नाही. त्या गुडघाभर पाण्यात होत्या. बाटली केव्हाच हातातून सुटून लाटेवर डुलत होती.

टोच्याने त्यांचा पदर ओढला. "आई, आलं का?"

"आलं रे राजा," त्या म्हणाल्या. "आलं."

तात्पर्य: प्रवासाला निघताना मुहूर्त नीट पाहावा, सामान दोनदा तपासावं आणि सर्वांत महत्त्वाची पिशवी आठवणीने शेजारी विसरावी.